कपाशीच्या दोन झाडांमधलं अंतर

नवेगाव बांध हा धानाचा मुलूख. कपाशी लागते ती पश्चिमेला, वर्धा-यवतमाळकडे. तिथे दोन झाडांमधलं अंतर मातीइतकंच बियाण्याच्या किमतीनेही ठरवलं. पूर्वी सरकी घरची असे, दाट पेरणी परवडे. १९७० साली सुरतला ‘एच-४’ हा व्यापारी लागवडीचा पहिला संकरित वाण आला. बियाणं महाग, म्हणून ९० × ६० सेंटिमीटरवर एकेक बी टोकायचं. म्हणजे हेक्टरी साधारण १८,५०० झाडं. वर्गात हिशेब करून पाहा. झाड मोठं, तेव्हा खत जास्त आणि मुदतही लांब. २००२ मध्ये मान्यता मिळालेला बीटी कापूसही संकरित वाणांतच आला, त्यामुळे अंतर तसंच राहिलं. बीटी जनुक बोंडअळी रोखण्यासाठी. पाऊस लवकर संपला, तर हलक्या जमिनीत उशिराची बोंडं ते पोसू शकत नाही. पुढे नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने सरळ वाणांची दाट लागवड तपासली: ६० × १० सेंटिमीटर, हेक्टरी सुमारे १,६६,००० झाडं. प्रत्येकावर बोंडं थोडी, पण ओल आहे तोवर भरणारी.