जाळीबद्ध पर्जन्य विदा

जाळीबद्ध पर्जन्य विदा म्हणजे पर्जन्यमापक केंद्रांच्या नोंदींवरून अक्षांश-रेखांशांच्या समान अंतरावरील बिंदूंसाठी काढलेले दैनंदिन पावसाचे आकडे होत. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या पुणे कार्यालयाने १९०१ पासूनची अशी विदा ०.२५ अंश अंतराने उपलब्ध करून दिली आहे. पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे या घाटमाथ्यालगतच्या तालुक्यांतील पावसाच्या अभ्यासासाठी ती वापरता येते.

संचिकेचे स्वरूप

ही विदा ६.५ ते ३८.५ उत्तर अक्षांश आणि ६६.५ ते १०० पूर्व रेखांश या क्षेत्राची असून तीत रेखांशाच्या दिशेने १३५ व अक्षांशाच्या दिशेने १२९ बिंदू आहेत. बायनरी संचिकेत प्रत्येक आकडा ४ बाइटचा असतो. म्हणून एका दिवसाची नोंद ६९,६६० बाइट आणि ३६५ दिवसांची संचिका २,५४,२५,९०० बाइट भरते. लिनक्समधील ‘एलएस’ आज्ञेने आकार पाहिला तरी संचिका अर्धवट उतरली आहे का, हे कळते. नेटसीडीएफ प्रकारच्या संचिकेत मात्र विदेचे वर्णनही असते व ‘एनसीडम्प’ आज्ञेने ते वाचता येते.

जोडणीची चाचणी

संचिका उतरत नसल्यास ‘नेटकॅट’ आज्ञेने सर्व्हरचे पोर्ट तपासतात (सुरक्षित संकेतस्थळांसाठी ४४३, एफटीपीसाठी २१). जोडणी तत्काळ नाकारली गेल्यास बहुधा सर्व्हरपर्यंत वाट आहे, पण त्या पोर्टवर सेवा चालू नाही. उत्तरच न येता वेळ संपल्यास फायरवॉल किंवा तुटलेले जाळे हे कारण संभवते. ‘पिंग’ला उत्तर न मिळणे हा सर्व्हर बंद असल्याचा पुरावा नव्हे, अनेक ठिकाणी पिंग मुद्दाम अडवलेले असते.

उदाहरण: १२ जुलै १९६१

वेल्हे तालुक्यातील आंबी नदीवरचे पानशेत धरण या दिवशी फुटले. हा वर्षाचा १९३वा दिवस. म्हणजे आधीच्या १९२ दिवसांचे १,३३,७४,७२० बाइट वगळावे लागतात. संचिकेत आकडे दक्षिणेकडून उत्तरेकडे व प्रत्येक ओळीत पश्चिमेकडून पूर्वेकडे मांडलेले असल्याने १८.२५ उत्तर, ७३.७५ पूर्व हा परिसरातील बिंदू त्या दिवसाच्या नोंदीत ६,३७५वा येतो. त्यामुळे आणखी २५,४९६ बाइट वगळून ‘ओडी’ आज्ञेने पुढचे ४ बाइट दशांश संख्या म्हणून वाचले की त्या बिंदूचा पाऊस मिलिमीटरमध्ये मिळतो. पावसाचा दिवस सकाळी ८:३० वाजता संपतो. साहजिकच १२ जुलैच्या आकड्यात ११ जुलैच्या सकाळपासूनचा पाऊस असतो आणि धरण फुटण्यापूर्वीची परिस्थिती पाहताना एका दिवसाची गल्लत सहज होते.

मर्यादा

या भागात दोन बिंदूंमधील पूर्व-पश्चिम अंतर सुमारे २६ किमी आहे. तेवढ्यात घाटमाथ्यावरचा मुसळधार पाऊस झपाट्याने ओसरतो. त्यामुळे एका बिंदूचा आकडा एखाद्या गावाचा किंवा धरणक्षेत्राचा पाऊस म्हणून वापरणे धोक्याचे ठरते. विदा नसलेल्या बिंदूंवर −९९९ हा आकडा असतो. सरासरीची चौकट पश्चिमेकडे ७२.५ अंशांपर्यंत वाढवल्यास अरबी समुद्रावरील असे बिंदू तीत येतात. ते आधी न गाळल्यास ऐन जुलैतही भोरचा सरासरी पाऊस उणे निघू शकतो.