भिंतीतली गोचीड की गवतातली? एका जुन्या वादाची गोष्ट

बोरीवलीत छोटा कुत्रा पाळणाऱ्या कुणालाही विचारा, याच्या अंगावर गोचिडी येतात कुठून? बहुतेक जण पूर्वेकडे बोट दाखवतील. नॅशनल पार्क! शंभर चौरस किलोमीटरहून मोठं जंगल दाराशी असताना दुसऱ्या कुणाला दोष देणार? पण आपल्या कुत्र्यांवर सर्रास सापडणारी तपकिरी गोचीड मुळात जंगलाची नाहीच. ती घराची आहे. पोट भरलं की ती कुत्र्यावरून खाली उतरते, भिंतीच्या भेगेत, लाकडी चौकटीमागे, सोफ्याच्या शिवणीत शिरते आणि तिथे हजारोंनी अंडी घालते. कुत्र्यावर दिसतात त्या थोड्या, बाकीच्या घरात. मुंबईत कडाक्याची थंडी नाही, त्यामुळे हे चक्र वर्षभर चालतं.

मग पार्क निर्दोष का? तेही नाही. या प्रश्नावर भारतात साधारण नव्वद वर्षांपूर्वी दोन शोधनिबंधांनी दोन वेगळी उत्तरं दिली होती. तुमच्यापैकी जे पेटची तयारी करताय किंवा गाईडच्या शोधात आहात, त्यांनी ही गोष्ट वाचावी असं मला वाटतं. ‘वाहक सिद्ध झाला’ या तीन शब्दांत किती काय दडलेलं असतं, ते यात दिसतं.

आधी थोडं मागे जाऊ. गोचिडीमुळे रोग पसरतो हे पहिल्यांदा पक्कं केलं अमेरिकेत स्मिथ आणि किलबोर्न यांनी, १८९३ मध्ये, गुरांच्या टेक्सास फीव्हरवर. कुत्र्यांच्या बाबतीत तेच काम १९०१ मध्ये दक्षिण आफ्रिकेत लाउन्सबरी यांनी केलं. त्यांची गोचीड हीमाफायसॅलिस कुळातली होती. सहा वर्षांनी मद्रासमध्ये क्रिस्टोफर्स यांनी त्याच नावाचा परजीवी, पायरोप्लाझ्मा कॅनिस, तपकिरी गोचिडीच्या शरीरात कसा वाढतो ते दाखवलं. म्हणजे रोग एक आणि वाहक दोन? बराच काळ असंच मानलं गेलं. पुढे १९८९ मध्ये उइलेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी मांडलं की हे एकच प्रकरण नाही, वाहकागणिक परजीवी वेगळे आहेत. आज आपण त्यांना बॅबेसिया रोसी, बॅबेसिया कॅनिस आणि बॅबेसिया व्होगेली अशी वेगळी नावं देतो. लाउन्सबरीही बरोबर होते आणि क्रिस्टोफर्सही. चुकत होतं ते दोघांना जोडणारं नाव.

आपल्याकडचा हा बराचसा सुरुवातीचा अभ्यास जनावरांच्या डॉक्टरांनी नाही, माणसांच्या डॉक्टरांनी केला, ही मला फार रंजक बाब वाटते. परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे, सरकारी जीवाणू प्रयोगशाळाही १८८९ मध्ये पुण्यात सुरू होऊन नंतर मुक्तेश्वरला गेली. पण सरकारला काळजी होती लष्कराच्या घोड्यांची आणि गुरांच्या साथींची. कुत्र्याला कोण विचारतो! कुत्र्याच्या रक्ताकडे वळले ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले लोक, ज्यांच्या डोक्यात मलेरिया आणि काळा आजार होते. १९०५ मध्ये जेम्स यांना कुत्र्याच्या पांढऱ्या पेशींत एक परजीवी दिसला, तोच आजचा हेपॅटोझून कॅनिस. तो गोचिडीच्या चाव्यातून जात नाही, कुत्र्याने गोचीड गिळली की जातो, हे नंतर कळलं. कुत्रा अंगावरची गोचीड दातांनी उपटून खातो तेव्हा आपल्याला वाटतं, बरं झालं, साफ केली. प्रत्यक्षात त्यानेच दार उघडलेलं असतं.

आता मुख्य पात्र. १९१० मध्ये पॅटन यांनी मद्रास हंटच्या शिकारी कुत्र्यांच्या रक्तात एक नवा, आकाराने लहान पायरोप्लाझ्मा पाहिला आणि त्याला गिब्सोनी नाव दिलं. नंतर तोच त्यांना कोल्ह्याच्या रक्तातही सापडला. (कोल्हे मुंबईच्या खारफुटीत आजही आहेत, हे जाता जाता.) परजीवी मिळाला, नाव मिळालं, वाहक मात्र मिळाला नाही. त्याला आणखी दोन दशकं गेली.

१९३३ मध्ये सेन यांनी वाहक म्हणून तपकिरी गोचिडीचं नाव दिलं. १९३७ मध्ये स्वामिनाथ आणि शॉर्ट यांनी दिलं हीमाफायसॅलिस बायस्पायनोझाचं. ही गोचीड गुरांवर, शेळ्यांवर, कुत्र्यांवर सापडते, पण तिचा मुक्काम गवतात आणि झुडपांत. हे कुणी ऐरेगैरे नव्हते. याच स्वामिनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी पुढे १९४२ मध्ये काळा आजार वाळूमाशीच्या चाव्याने माणसाला होतो हे सिद्ध केलं. मलेरियाचा परजीवी आधी यकृतात वाढतो हे १९४८ मध्ये दाखवणाऱ्या दोघांपैकी एक हेच शॉर्ट.

मग खरं कोण? इथे थांबा आणि असा प्रयोग स्वतः आखून बघा. आजारी कुत्र्यावर गोचीड सोडायची. तिचं पोट भरलं की काढून ठेवायची, कात टाकू द्यायची आणि पुढच्या अवस्थेतली गोचीड निरोगी कुत्र्यावर सोडायची. तो आजारी पडला तर वाहक सापडला. कागदावर सोपं आहे. पण तो दुसरा कुत्रा खरोखर कोरा होता का? गिब्सोनी झालेला कुत्रा बरा दिसू लागला तरी परजीवी त्याच्या रक्तात महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं, इतक्या कमी संख्येने राहतो की काचपट्टीवर दिसतही नाही. प्लीहा काढली किंवा कुत्रा अशक्त झाला की पुन्हा डोकं वर काढतो. म्हणून रक्त तपासून ‘निगेटिव्ह’ आलेला कुत्रा आणि कोरा कुत्रा या दोन वेगळ्या गोष्टी. शिवाय गोचिडीच्या पोटात परजीवी सापडणं आणि तिने तो दुसऱ्याला देणं हेही वेगळं. आजारी कुत्र्याचं रक्त प्यायलेल्या कुठल्याही गोचिडीत पीसीआर पॉझिटिव्ह येईल. हल्लीचे बरेच पेपर एवढ्यावरच ‘वाहक’ शब्द वापरतात. तुम्ही वापरू नका.

आज पूर्व आशियात हीमाफायसॅलिस लाँगिकॉर्निसचा पुरावा चांगला भक्कम आहे आणि भारतासंदर्भात वरची दोन्ही नावं शेजारी शेजारी लिहिली जातात. त्यात भर म्हणजे ज्या तपकिरी गोचिडीला आपण शंभर वर्षं र्‍हिपिसेफॅलस सँग्विनियस म्हणत आलो, तिच्या उष्ण प्रदेशातल्या शाखेला २०२१ मध्ये र्‍हिपिसेफॅलस लिनिआय असं वेगळं नाव मिळालं. जुना पेपर वाचताना नावापाशी थांबून विचारा, आज ही कोण?

हे सगळं चार किलोच्या पॉमेरेनियनच्या दृष्टीने का महत्त्वाचं? कुत्र्यात किलोमागे साधारण ८० ते ९० मिलिलिटर रक्त असतं. म्हणजे त्याच्या अंगात उणंपुरं साडेतीनशे मिलिलिटर, अर्ध्या लिटरच्या बाटलीपेक्षाही कमी. तांबड्या पेशी फुटू लागल्या की त्याच्याकडे शिल्लक फार थोडी. ताप, फिकट हिरड्या, गडद लघवी दिसली की घरात एकच शब्द ऐकू येतो, ‘टिक फीव्हर’. पण तो एक रोग नाही. एर्लिकिया असेल (हा १९३५ मध्ये अल्जीरियात दोनातिएँ आणि लेस्तोकार यांनी वर्णिला) तर डॉक्सिसायक्लिन साधारण चार आठवडे द्यावं लागतं. व्होगेली असेल तर डिमिनाझीन किंवा इमिडोकार्ब चालतं. गिब्सोनीवर तीच औषधं अपुरी पडतात. त्यासाठी अटोव्हाक्वोन आणि अझिथ्रोमायसिन ही जोडी परिणामकारक असल्याचं २००४ च्या सुमारास पुढे आलं. म्हणून डॉक्टरांना नुसतं ‘टिक फीव्हरचं औषध द्या’ म्हणू नका, रक्ताची काचपट्टी आणि जमलं तर पीसीआर करायला सांगा.

बचावाचंही तसंच. घरातली गोचीड असेल तर एकट्या कुत्र्याला गोळी देऊन भागत नाही. भेगा बुजवणं, अंथरूण गरम पाण्यात धुणं, व्हॅक्यूम फिरवणं आलं, आणि तेही काही महिने सलग. गवतातली असेल तर फिरून आल्यावर कान, बोटांच्या बेचक्या, काखा, पट्ट्याखालची जागा रोज बघायची. बोरीवलीत दोन्ही करावं लागतं. एर्लिकिया चावल्यापासून काही तासांतच कुत्र्यात जाऊ शकतो, बॅबेसियाला बहुधा दिवसभर किंवा जास्त लागतो, त्यामुळे रोज बघण्याला अर्थ आहे. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, रॉकेल लावू नका. आणि मोठ्या कुत्र्याची गोळी मोडून लहान कुत्र्याला देऊ नका, मात्रा वजनावर ठरते. गिब्सोनी कुत्र्यांच्या चावाचावीतून आणि दिलेल्या रक्तातूनही जातो, तेव्हा गोचीड सापडली नाही म्हणून तो नाकारता येत नाही.

काढलेली गोचीड फेकण्याऐवजी सत्तर टक्के अल्कोहोलच्या छोट्या बाटलीत टाका. आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी घाला: तारीख, कुत्रा कुठला, अंगावर नेमकी कुठे चिकटली होती, आणि कुत्रा त्या आठवड्यात पार्काकडे गेला होता की इमारतीच्या आवारातच होता.