रोग ओळखणारी माणसंही जगली पाहिजेत

सेनगाव तालुक्यातल्या पुसेगावच्या बचत गटांकडून आम्ही बोलतोय.

दरवर्षी १० मार्चला आपण सावित्रीबाईंच्या फोटोला हार घालतो. १८९७ साली पुण्यात प्लेग होता. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन लेक यशवंतरावांच्या दवाखान्यात आणलं. पोरगं वाचलं, पण सावित्रीबाईंना प्लेग झाला आणि त्या गेल्या. प्लेगचा जंतू १८९४ मध्येच हाँगकाँगला सापडला होता. पण उंदरांवरच्या पिसवांमुळं तो पसरतो, हे तेव्हा सिद्ध झालेलं नव्हतं. सेवा करणाऱ्यानं नेमकं कशापासून जपायचं, हे सांगणार तरी कोण?

हे जपणं आपला देश कसा शिकत गेला, ते आज सांगतो.

त्याच काळात मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्डेमार हाफकिन प्लेगची लस तयार करत होते. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई, एवढीच माणसं. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती लस आधी स्वतःला टोचून घेतली. पुढं परळला त्यांची प्रयोगशाळा उभी राहिली. तीच आजची हाफकिन संस्था.

मग १९५२ साली पुण्यात विषाणू संशोधन केंद्र सुरू झालं. पाचच वर्षांत, १९५७ मध्ये, कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं पटापट मरू लागली आणि माणसंही तापानं फणफणली. पुण्याचे शास्त्रज्ञ तिथं गेले, विषाणू शोधला आणि तो गोचिडांमधून येतो हेही शोधून काढलं. पण या विषाणूवर काम करताना प्रयोगशाळेतल्या माणसांनाही तो ताप आला. रोग ओळखायला हुशारी लागतेच, पण ओळखताना आपण कसं वाचायचं, याचंही शिक्षण लागतं, हे तिथं कळलं. २०१६ मध्ये हाच माकडताप आपल्या सिंधुदुर्गात दोडामार्गकडं आला.

१९७८ साली या केंद्राची राष्ट्रीय विषाणू संस्था झाली. तेव्हा तिचा कारभार एका बाईच्या हाती होता, डॉ. खोरशेद पावरी यांच्या.

२०११ च्या जानेवारीत अहमदाबादजवळच्या खेड्यातली एक बाई तापानं आणि रक्तस्रावानं दगावली. मागोमाग तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि नर्सही गेले. पुण्यातल्या तपासणीत निदान झालं, क्रायमीन काँगो ताप. गोचिडांतून आणि आजारी जनावराच्या रक्तातून येणारा. भारतात तो पहिल्यांदाच सापडला होता.

पुढं पुण्यात चौथ्या, म्हणजे सगळ्यात वरच्या सुरक्षा पातळीची प्रयोगशाळा उभी राहिली. तिथं काम करणाऱ्यांना आधी काय शिकवतात, ठाऊक आहे? पोशाख घालायचा कसा आणि त्याहून महत्त्वाचं, काढायचा कसा. कारण जंतू बाहेरच्या बाजूला असतो आणि काढतानाच तो हाताला लागतो. एक दार बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नाही. आतली हवा गाळल्याशिवाय बाहेर जात नाही. कचरा आपल्या कुकरसारख्याच, पण मोठ्या यंत्रात दाबाच्या वाफेवर निर्जंतुक करतात. रक्ताचा नमुना एकात एक अशा तीन वेष्टनांत, थंड पेटीतून पाठवतात. हे सगळं हाताला वळण लागेपर्यंत पुन्हा पुन्हा करून घेतात.

हे शिक्षण कामी आलं २०२० मध्ये. ३० जानेवारीला केरळात कोरोनाचा देशातला पहिला रुग्ण सापडला, त्याचा नमुना पुण्यालाच तपासला होता. तिथल्या जाणकारांनी इतरांना शिकवलं, आणि वर्ष संपेपर्यंत देशात दोन हजारांहून अधिक प्रयोगशाळा तपासणी करू लागल्या.

आता आपल्या गोठ्याचं बघू. शास्त्रज्ञ नमुना तपासतो, पण तो नमुना गावातून जातो. जनावराच्या अंगावरची गोचीड आपण उघड्या बोटांनी काढतो आणि नखानं चिरडतो. तसं करू नका. हातमोजा घाला, नसेल तर प्लास्टिकची पिशवी हाताला गुंडाळा, नंतर साबणानं हात धुवा. प्रत्येक गोचिडीत रोग नसतो, म्हणून घाबरायचं कारण नाही. पण गोचीड चावल्यावर ताप आला, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. गावात एकदम खूप जनावरं, कोंबड्या किंवा माकडं मेली, तर गुपचूप पुरू नका. आशाताईंना आणि जनावरांच्या दवाखान्यात त्याच दिवशी कळवा. लोक काय म्हणतील म्हणून लपवलं, तर पहिला धोका घरातल्या सेवा करणाऱ्या बाईलाच असतो.

आणि ज्यांची लेक विज्ञान शाखेला आहे, त्यांनी एक ध्यानात ठेवा. पुण्याच्या त्या संस्थेत विषाणूशास्त्राचं एम.एस्सी.चं शिक्षण मिळतं. पदवी मिळते ती सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची. तिला चौकशी तरी करू द्या.