वर्धा जिल्ह्यातील बुद्धिमान मुलांचे शिक्षण : काही जुन्यानव्या नोंदी

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत शालान्त परीक्षेत यशस्वी झालेल्या मुलामुलींची छायाचित्रे दरवर्षी झळकतात व ती पाहून आम्हांस संतोष वाटतो. मात्र अकरा ते चौदा या वयाची मुले तीत कधी दिसत नाहीत. खेड्यातील हुशार मूल हातचे जाते ते बहुधा याच वयात, असा आमचा शिक्षकी पेशातील अनुभव आहे. म्हणून या वयाच्या बुद्धिमान मुलांसाठी आपल्या जिल्ह्यात व अन्यत्र काय घडले, ते ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

प्रारंभ वर्ध्यापासूनच करणे योग्य. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी येथील मारवाडी विद्यालयात, म्हणजे पुढील नवभारत विद्यालयात, महात्माजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण असावे, ते मातृभाषेतून द्यावे आणि एखाद्या हस्तोद्योगाभोवती गुंफावे, असे तीत ठरले. नंतर डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने तपशील आखला. विनोबा, काका कालेलकर व कुमारप्पा हे तिचे सभासद होते. हीच नयी तालीम. सात ते चौदा वर्षांच्या सर्वच मुलांसाठी ती होती; हुशारांची वेगळी पंगत तीत नव्हती. तरी तिचे मर्म पाहावे. टकळीवर सूत कातणाऱ्या मुलाने सुताची लांबी व वजन घेऊन त्याचा अंक काढावयाचा. मंदगती मूल तेथे थांबेल. ज्यास गती आहे ते कापसाची जात, जमीन, भाव असे विचारीत कितीही पुढे जाईल. पुढे सेवाग्रामची ती शाळा बंद पडली आणि २००५ साली आनंद निकेतन या नावाने तेथे पुनश्च शिक्षण सुरू झाले.

मधल्या काळात हुशार मूल ओळखण्याचे साधन म्हणजे शिष्यवृत्ती परीक्षा, असे समीकरण झाले. ती चौथी व सातवीस असे. २०१६-१७ पासून पाचवी व आठवीस नेण्यात आली. आम्हीही अनेक वर्षे सातवीचे जादा वर्ग घेतले. आमच्या शाळेचे नाव यादीत यावे ही हाव होती, हे आता कबूल करण्यास लाज कसली? एके वर्षी एका मुलीने आम्ही शिकविलेली रीत सोडून आकृती काढून उदाहरण सोडविले. उत्तर अचूक होते, परंतु वेळ दुप्पट लागला. "पोरी, परीक्षेत असा वेळ घालवू नये," असे बजावून आम्ही पुढचा प्रश्न घेतला. यादीत तिचे नाव आले नाही. पुढील हंगामात ती पऱ्हाटीत वेचणीस जाऊ लागली व शाळा सुटली. तिच्या घरी जाऊन दोन शब्द बोलावे, हे आम्हांस तेव्हा सुचले नाही.

पुण्यास मात्र १९६२ साली आप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी स्थापन केली. बुद्धिमान मुलांना शाळेच्या अभ्यासापलीकडचे काही द्यावे, हा तिचा आरंभीचा उद्योग. स्वतंत्र प्रशाला १९६९ साली निघाली. परंतु पुणे आपल्या खेड्यांपासून फार दूर.

ग्रामीण मुलांचा विचार सरकारने केला तो नवोदय विद्यालयांच्या रूपाने. १९८५-८६ मध्ये देशात पहिली दोन विद्यालये निघाली. एक हरियाणात झज्जरला व दुसरे आपल्या शेजारच्या अमरावतीस. आपल्या जिल्ह्याचे विद्यालय सेलूकाटे येथे आहे. पाचवीतील मुलांची परीक्षा घेऊन सहावीत जास्तीत जास्त ८० मुले घेतात. त्यांतील किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या, एकतृतीयांश मुलींच्या. राहणे, जेवण, पुस्तके मोफत. शेतमजुराच्या मुलास यापरते भाग्य कोणते? तथापि परीक्षेस एकदाच बसता येते. त्या दिवशी ताप आला वा अर्ज भरावयाचा राहिला, तर दार बंद. शिवाय सर्व जिल्ह्यातून ८०! उरलेल्यांत बुद्धी नाही असे कोण म्हणेल? ती मुले आपापल्या गावीच राहतात. त्यांना तेथेच काही मिळाले पाहिजे.

याच विचाराने दिवाळीनंतर आम्ही मंडळाच्या वसतिगृहाच्या ओसरीवर रविवारी सहा मुले जमविली. पाठ्यपुस्तक घेतले नाही. अर्धा किलो कापूस तोलला व सरकी हातांनी वेगळी करावयास लावली. दोन तास गेले, ओसरीभर रुई उडाली, वसतिगृहाच्या स्वयंपाकीणबाई रागावल्या. रुई भरली सुमारे एकतृतीयांश. दुसऱ्या घरच्या कापसाची किंचित कमी निघाली. तेव्हा सातवीतील एक मुलगी विचारती झाली, "गुरुजी, रुई कमीजास्त निघते, तर माझ्या बाबांना आणि काकांना भाव सारखाच कसा मिळाला?"

आम्हांस उत्तर देता आले नाही. पुढील रविवारी हिंगणघाटच्या कापूस बाजारात जाऊन विचारावयाचे ठरले आहे. बसभाड्याची तरतूद मंडळाने करावी, असा अर्ज आम्ही चिटणिसांकडे दिला आहे.