कुबरनेटीस क्लस्टर : नव्या ठिकाणी पुनर्स्थापना

कुबरनेटीस क्लस्टरचा बॅकअप दुसऱ्या क्लस्टरमध्ये किंवा दुसऱ्या प्रदेशातील डेटा सेंटरमध्ये पुन्हा उभा करण्याची प्रक्रिया. गूगलने २०१४ मध्ये खुल्या केलेल्या या प्रणालीत क्लस्टरची स्थिती एटसीडी या डेटाबेसमध्ये राहते. त्यामुळे एटसीडीचा स्नॅपशॉट घेतला की काम भागले, असे पुष्कळदा मानले जाते. जुन्याच जागी परतायचे असेल, तर ते बऱ्याच अंशी खरे आहे. नव्या जागी मात्र त्यासोबत जुन्या नोड्सची नावे आणि आयपी पत्तेही येतात, आणि पर्सिस्टंट व्हॉल्यूममधला डेटा त्यात नसतोच. असा डेटा ठेवणारी ॲमेझॉनची ईबीएस डिस्क एकाच अव्हेलेबिलिटी झोनला बांधलेली असते. मुंबईतली डिस्क हैदराबादच्या नोडला जोडता येत नाही. तिचा स्नॅपशॉट तिकडे कॉपी करून नवी डिस्क बनवावी लागते.

आर्क नावाने २०१७ मध्ये आलेले आणि पुढे व्हेलेरो झालेले साधन ही अडचण ओळखते : रिस्टोअर करताना नेमस्पेस बदलता येते, जुन्या स्टोरेज क्लासऐवजी नवा नेमता येतो. सगळे मॅनिफेस्ट गिटमध्ये असताना बॅकअप कशाला, हा आक्षेप अर्धाच टिकतो. गिटमधून रचना उभी राहते. ग्राहकांच्या ऑर्डरी परत येत नाहीत. शिवाय लोड बॅलन्सरला नवा पत्ता मिळतो, आणि डीएनएस नोंद बदलेपर्यंत नीट उभा राहिलेला क्लस्टरही वापरणाऱ्याला बंदच दिसतो. म्हणून रिस्टोअरपुढचा ‘कम्प्लीटेड’ हा शेरा पुरेसा नाही. पीव्हीसी (पर्सिस्टंट व्हॉल्यूमसाठीच्या मागण्या) ‘पेंडिंग’मध्ये अडकलेले नाहीत आणि ॲप्लिकेशनच्या डेटाबेसमधली बॅकअपपूर्वीची शेवटची नोंद सापडते, हे पडताळावे. रिस्टोअरची ही तालीम संकट येण्याआधीच रिकाम्या क्लस्टरवर करावी.