पुढची काच कोणी पुसायची?

मृग लागायच्या आधीचा आठवडा म्हणजे माझ्या दुकानाची सुगी. रामनगरात रस्त्याला लागूनच माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान होतं. बॅटरी, डायनॅमो, सेल्फ, हॉर्न ही कामं वर्षभर यायची, पण मे संपत आला की जो तो एकच सांगत यायचा, "वायपर बघा जरा." उन्हानं कडक झालेलं रबर, गंज धरलेला दांडा, महिनोन् महिने न फिरल्यामुळे जाम झालेली मोटर. जोयडा तालुका म्हणजे बहुतेक जंगलच. काळी नदी उगम पावते ती इथल्याच डिग्गीच्या बाजूला, आणि आमचं कॅसलरॉक तर कर्नाटकातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत मोडतं. अनमोडवरून गोव्यात उतरा नाहीतर अणशीवरून कारवारला, दोन्हीकडे घाट आणि पावसाळ्यात दोन्हीकडे धुकं. इथे पुढची काच दिसती ठेवणं हा जिवाचा प्रश्न आहे. ते काम कोणाच्या हातातून कोणाकडे गेलं, हे मी आधी घरात आणि मग माझ्या कामाच्या टेबलावर बघितलं आहे.

वडील जीप चालवायचे. आमचं मूळ घर सुप्याचं. ते गाव आता सुपा धरणाच्या पाण्याखाली आहे. १०१ मीटर उंचीचं हे धरण १९८७ साली पुरं झालं. तालुक्याची कचेरी जोयड्याला गेली आणि गावातली बरीच घरं उठून रामनगरला आली. धरणाचं काम चालू होतं तेव्हा गणेशगुडीच्या बाजूला डंपर आणि जीपगाड्यांची सारखी ये-जा असायची. वडील एका ठेकेदाराच्या जुन्या पेट्रोल जीपवर होते. १९४९ पासून महिंद्रांनी मुंबईत विलिस जीप जुळवायला घेतली, त्याच घराण्यातली ही गाडी. तिला वायपर दोन, पण दोघांची जात वेगळी. चालवणाऱ्याच्या बाजूचा वायपर इंजिनाच्या ओढीवर चालायचा आणि शेजारच्या बाजूचा हातानं. काचेच्या वरच्या पट्टीला आतून एक लहानशी मूठ होती, ती क्लीनरनं इकडून तिकडे फिरवायची. सुट्टीत मी वडिलांबरोबर जायचो तेव्हा ती मूठ माझ्याकडे असायची.

इंजिनाची ओढ म्हणजे काय, ते सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. पेट्रोल इंजिन हवा आत ओढतं. अॅक्सिलरेटरवरचा पाय वर असला की हवेची वाट जवळजवळ बंद असते, त्यामुळे आतल्या नळीत जोराची पोकळी तयार होते. तिथून एक रबरी नळी वायपरच्या डबीपर्यंत आणलेली असते. पोकळी डबीतला पडदा एकदा या बाजूला ओढते, एकदा त्या बाजूला, आणि दांडा फिरतो. वीज नको, मोटर नको. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या फोल्बर्थ बंधूंनी ही युक्ती बाजारात आणली आणि पुढची कित्येक वर्षं जगभरच्या गाड्या तिच्यावर चालल्या. पण पाय दाबला की हवेची वाट उघडते, पोकळी मरते आणि वायपर जिथल्या तिथे थांबतो.

घाट चढताना पाय दाबलेलाच असतो. म्हणजे अणशीच्या चढावर, आडवा पाऊस काचेवर आपटत असताना, ज्या वळणावर रस्ता सगळ्यात जास्त दिसायला हवा नेमका तिथेच वायपर गप्प. वडील त्यावर एक करायचे. वळण यायच्या जरा आधी पाय क्षणभर उचलायचा. जीप हबकायची, वायपर एक फेरी मारायचा, तेवढ्यात रस्ता डोळ्यांत भरून घ्यायचा आणि पुन्हा पाय खाली. गाडीचा वेग, चढ, वळण आणि काच या चारही गोष्टी त्या एका पायावर. त्यांच्याबरोबरचे सगळे जीपवाले असंच चालवायचे आणि त्यात काही विशेष आहे असं कोणालाच वाटायचं नाही. मला आजही ते मोठं कसब वाटतं.

माझ्या हातातली ती मूठ मात्र त्याहूनही जुनी, हे मला दुकान टाकल्यावर वाचनातून कळलं. १९०२-०३च्या हिवाळ्यात अलाबामातल्या बर्मिंगहॅमची मेरी अँडरसन नावाची बाई न्यूयॉर्कला गेली होती. गारठ्यात पडणाऱ्या बर्फाळ पावसात ट्रामचा चालक समोरची काच उघडून, तोंडावर मारा झेलत गाडी चालवतो आहे, हे तिनं पाहिलं. घरी येऊन तिनं एक दांडा आखला. आतून मूठ फिरवायची, बाहेर रबराची पट्टी काचेवरून फिरणार, वजनाच्या आधारानं ती काचेला दाबून राहणार, आणि उन्हाळ्यात नको असेल तर सगळं काढून ठेवता येणार. १० नोव्हेंबर १९०३ रोजी तिला पेटंट मिळालं. कॅनडातल्या एका कंपनीला तिनं ते देऊ केलं, पण यात धंदा नाही असं उत्तर आलं. पेटंटची मुदत संपली तेव्हा नुकता मोटारींचा सुकाळ सुरू होत होता. तिला त्यातून पैसा मिळाला नाही. अमेरिकेच्या संशोधकांच्या मानाच्या यादीत तिचं नाव गेलं ते २०११ साली. त्या बाईनं रेखाटलेली मूठ सत्तर वर्षांनी एक पोरगा अणशी घाटात फिरवत होता, याचं मला अजून अप्रूप आहे.

वायपर बंद पडला तर काय करायचं, याचं शिक्षणही त्याच जीपमध्ये झालं. तंबाखू ओली करून काचेवर बाहेरून चोळायची, किंवा बटाटा मधोमध कापून घासायचा. लाकडं वाहणारे ट्रकवाले तर पुडी खिशात ठेवूनच निघायचे. यात अंधश्रद्धा काही नाही. स्वच्छ नसलेल्या काचेवर पाण्याचे मणी होतात, आणि एकेक मणी उजेड वाकडातिकडा करतो. बटाट्याचा किंवा तंबाखूचा रस चोळला की पाणी मणी न धरता सपाट पसरतं आणि त्यातून बऱ्यापैकी दिसतं. पाच-दहा मैल निभतात.

पुढे जीपला डिझेल इंजिन आलं आणि पोकळीवरचा वायपर आपोआप मागे पडला, कारण डिझेल इंजिनात हवेची वाट तशी अडवलेली नसते. ओढ मिळणार कुठून? विजेची मोटर बसवणं भागच होतं. परदेशात जर्मनीच्या बॉश कंपनीनं विजेवरचा वायपर १९२६ सालीच काढला होता. आमच्या घाटात तो सर्रास दिसायला डिझेलची वाट पाहावी लागली. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत तर मोटारीचा वायपर शक्तीवर चालणारा असावा असं स्पष्टच लिहिलं गेलं. विजेच्या मोटरीनं दोन गोष्टी दिल्या. एक, चढ असो की उतार, वायपर त्याच चालीनं फिरू लागला. दुसरी, बटण मध्येच बंद केलं तरी दांडा काचेच्या खालच्या कडेला जाऊनच थांबू लागला. त्यासाठी मोटरच्या आत एक चकती असते आणि तिच्यावर दोन संपर्क घासतात. दांडा जागेवर पोचेपर्यंत ती चकती आपली वीज चालू ठेवते. माझ्याकडे येणाऱ्या वायपरच्या तक्रारींतल्या अर्ध्याअधिक याच चकतीच्या. ती झिजली की वायपर बरोबर नजरेसमोर येऊन उभा राहतो.

पण चाल एकच, फार तर दोन. भुरभुर पावसात वायपर कोरड्या काचेवर कुरकुरत फिरायचा, बंद केला तर चार क्षणांत काच भरायची. चालवणाऱ्याचा डावा हात सारखा बटणावर. यावरचा उपाय डेट्रॉइटच्या रॉबर्ट कर्न्स या इंजिनिअरनं काढला. लग्नाच्या रात्री, १९५३ साली, शँपेनच्या बाटलीचं बूच उडून त्याचा डावा डोळा जवळजवळ गेला होता. पापणी सारखी लवत नाही, अधूनमधून लवते, मग वायपरनं तसं का करू नये, हा त्याचा प्रश्न. १ डिसेंबर १९६४ रोजी त्यानं पेटंटसाठी अर्ज केला. त्याची मांडणी साधी होती. एका कपॅसिटरमध्ये रेझिस्टरमधून हळूहळू वीज भरू द्यायची, ती ठरावीक पातळीला आली की ट्रान्झिस्टर उघडतो, मोटर एक फेरी मारते आणि भरणं पुन्हा सुरू. रेझिस्टर कमीजास्त केला की दोन फेऱ्यांमधला वेळ कमीजास्त. मोठ्या मोटार कंपन्यांनी अशा वायपरच्या गाड्या काढल्या आणि कर्न्सला बाजूला ठेवलं. फोर्डवर त्यानं १९७८ साली दावा लावला, क्रायस्लरवर १९८२ साली. १९९० मध्ये फोर्डनं त्याला १ कोटी २ लाख डॉलर देऊन तडजोड केली. क्रायस्लरविरुद्धच्या खटल्यात तर बराच काळ तो स्वतःच स्वतःचा वकील होता. २००५ साली तो गेला. वायपरचा रिले उघडून टेबलावर ठेवला की तो कपॅसिटर आणि तो ट्रान्झिस्टर मला दिसायचे, आणि या माणसानं त्या चार सुट्या भागांसाठी आयुष्याची किती वर्षं कोर्टात घालवली, ते आठवायचं.

गेल्या वर्षी माझ्या भाच्यानं नवी गाडी घेतली. स्टिअरिंगखालच्या दांडीवर जुन्या गाडीत जिथे थांबून-थांबून चालायची खूण होती, तिथे आता 'ऑटो' लिहिलेलं. त्याच दांडीवरचं फिरतं कडंही जिथल्या तिथे. तो म्हणाला, "मामा, कडं मधे ठेवलंय, तरी वायपर कधी पटापट फिरतो, कधी फिरतच नाही. बिघाड आहे का?" बिघाड नव्हता. कडं दिसायला तेच, पण त्याचं काम बदललं आहे. पूर्वी त्या कड्यानं दोन फेऱ्यांमधला वेळ ठरायचा. आता वेळ गाडी ठरवते. किती थोड्या पाण्याला गाडीनं दाद द्यायची, एवढंच कडं सांगतं. पुष्कळ गाड्यांत कडं वर नेलं की वायपर एक फेरी मारतो, ती नुसती 'कळलं' अशी पोच असते.

मग त्याला आरशाच्या मागची डबी दाखवली. तिच्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या, इन्फ्रारेड उजेडाचे दिवे आणि तो उजेड मोजणारा तुकडा असतो. उजेड काचेत साधारण ४५ अंशांत तिरका सोडतात. काचेबाहेर हवा असेल तर सुमारे ४२ अंशांच्या पलीकडचा तिरका उजेड बाहेर जाऊच शकत नाही, सगळा परत येतो. काचेबाहेर पाणी असेल तर हीच मर्यादा ६२ अंशांच्या आसपास जाते, म्हणजे ४५ अंशांतला उजेड थेंबातून बाहेर निसटतो. परत येणारा उजेड घटला म्हणजे पाऊस, आणि पुसल्यावर तो पुन्हा किती लवकर घटतो त्यावरून पावसाचा जोर. म्हणूनच ही डबी वायपर जिथून फिरतो त्याच पट्ट्यात बसवावी लागते. डबी आणि काच यांच्यात पारदर्शक जेलचा थर असतो, तिथे हवेचा बुडबुडा राहून चालत नाही. काच बदलून घेतली आणि ऑटो वेड्यासारखं वागायला लागलं, तर आधी तो थर बघायचा.

हा विचार तसा जुना आहे. सित्रोएन कंपनीच्या १९७० च्या एसएम गाडीत मोटर किती वीज ओढते त्यावरून काच ओली की कोरडी हे ताडायची सोय होती. उजेडावरचे सेन्सर १९९०च्या दशकात महागड्या गाड्यांत आले आणि आता आमच्या रामनगरातल्या गाड्यांतही आहेत. टेस्लानं तर वेगळा सेन्सरच काढून टाकला आणि समोरच्या कॅमेऱ्यालाच पाऊस ओळखायला लावलं.

मला या उपकरणाबद्दल आदर आहे. अनमोड घाटात समोरच्या ट्रकनं अख्खं डबकं काचेवर फेकलं, तर माणसाचा हात दांडीकडे जाईपर्यंत वायपर दोन फेऱ्या मारून मोकळा झालेला असतो. रात्री ही चपळाई फार मोलाची. पण डबीला दिसतो तो काचेचा रुपयाएवढा तुकडा, आणि आमच्या तालुक्यात पाऊस नाना तऱ्हेचा. अणशीच्या जंगलात पाऊस थांबल्यावरही झाडं तासभर गळत असतात. वाऱ्याची झुळूक आली की टपोरे थेंब एकदम, मग काही नाही. ऑटो तिथे कधी धावतं, कधी थबकतं, आणि त्यात बिघाड काही नसतो. पुष्याच्या म्हाताऱ्या पावसात धुक्याची इतकी बारीक ओल काचेवर धरते की समोरचा रस्ता दुधाळ होतो, पण त्या तुकड्यावर अजून पुरेसं पाणी नसतं. तिथे कडं सगळ्यात वर न्यायचं किंवा ऑटो सोडून हातानं फेरी मारायची. काच आतून धुरकटली असेल तर सेन्सरचा संबंधच नाही, एसीची हवा काचेवर सोडायची. आणि कोरड्या काचेवर लाल चिखलाचे शिंतोडे उडाले तर सेन्सर त्यांनाही पाणी समजतो आणि रबर चिखल फासत बसतं. आधी पाण्याचा फवारा, मग वायपर.

भाच्याला मी आणखी तीन गोष्टी सांगितल्या. गाडी धुवायला दिली की ऑटो बंद, नाहीतर फडक्याचा ओला हात आरशासमोर गेला की दांडा बोटांवर येईल. आरशासमोरचा काचेचा भाग रोज पुसायचा, पावसाळ्यानंतर तिथे किडे मरून चिकटतात. आणि ऑटो कितीही हुशार असलं तरी पुसायचं काम शेवटी रबराचंच, म्हणून मृगाच्या आधी रबर बदलायचं. त्यानं रबर बदललं आणि पुढच्या रविवारी आम्ही उळवीला जाऊन आलो. येताना कुंभारवाड्याच्या अलीकडे जोराची सर आली. वायपर आपणहून सुरू झाला, आणि भाच्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवरच राहिले.