गाडीची गादी : कातड्याची कीं रेक्झिनची?

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मोटारगाड्या पोटांत घेऊन निघणारी बोट सुमारें तासाभरांत मांडव्यास लागते. ही सोय मार्च २०२० मध्यें झाली. आणि पेण-वडखळचा वळसा घालून येणाऱ्या भारी गाड्या आतां थेट समुद्रावरून अलिबाग, किहीम, मुरूड या बाजूस उतरूं लागल्या आहेत. अशीच एक गाडी घेऊं पाहणाऱ्या माझ्या एका स्नेह्यांनीं मला विचारलें, "गाद्या अस्सल कातड्याच्या घ्याव्या कीं कृत्रिम?" विक्रेत्यानें दोहोंचे तुकडे त्यांच्या हातीं दिले होते आणि दोहोंची किंमतही सांगितली होती, पण किंमत म्हणजे उत्तर नव्हे. प्रश्न लहान दिसतो; परंतु त्याच्या पोटांत बराच इतिहास दडलेला आहे. आज त्याचाच विचार करूं.

कातडें म्हणजे श्रीमंती, ही आपली पहिली समजूत. ती फारशी जुनी नाहीं. युरोपांतील बंद घोडागाडींत धनी आंत बसे आणि सारथी बाहेर, उंच आसनावर. ऊन, पाऊस, चिखल हें सारें सारथ्याच्या वांट्याचें; म्हणून त्याची गादी कातड्यानें मढवीत, कारण कातडें पुसतां येतें आणि पुष्कळ टिकतें. धन्यासाठीं आंत मऊ लोकरी कापड असे. पुढें मोटार आली तेव्हां तिनेंही हीच रीत उचलली. विसाव्या शतकाच्या आरंभीं थोरामोठ्यांच्या बंद गाड्यांत चालकाला कातडें आणि मालकाला लोकर, अशी वांटणी सर्रास दिसे. उघड्या गाड्यांत मात्र धूळ-पावसामुळें कातडेंच सोयीचें पडे. आणि मालक हौसेनें स्वतः गाडी हांकूं लागला तेव्हां सारथ्याची गादी आपोआप धन्याची झाली. जपानांत मानाची गणली जाणारी टोयोटा सेंच्युरी ही गाडी आजही प्रामुख्यानें लोकरी कापडाच्या गाद्यांसह मिळते. तात्पर्य, प्रतिष्ठा ही वस्तूच्या अंगची नसते; ती बसणाऱ्याबरोबर जागा बदलते.

आपल्याकडे तर कातड्याची कथा अधिक विलक्षण आहे. देवघरांत मृगाजिन पवित्र, पण गाई-म्हशीचें कमावलेलें कातडें विटाळाचें! मेलेलें जनावर ओढून नेणें महारांनीं, कातडें कमावणें ढोरांनीं आणि तें शिवणें चांभारांनीं, अशी कामाची वांटणी गांवगाड्यानें करून दिलेली होती. हिरड्याच्या आणि बाभळीच्या सालीच्या पाण्यांत आठवडेच्या आठवडे कातडीं मुरवावयाचीं, तीं खरडावयाचीं, दुर्गंध सोसावयाचा, आणि एवढें करून गांवाबाहेर राहावयाचें. याच कातड्याची मोट विहिरींत उतरे, तिच्या पाण्यावर मळे पिकत, आणि त्या पाण्याला कोणी विटाळ म्हणत नसे. विटाळ होता तो मोटेचें कातडें कमावणाऱ्या हातांचा! रायगड जिल्ह्यांत, म्हणजे त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यांत, सावित्रीकांठच्या महाड येथें २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घेतलें तें या विसंगतीवरच बोट ठेवण्यासाठीं. तेव्हां कातड्याच्या गादीवर रेलतांना आपण एका जनावराच्या कातडीवरच नव्हे, तर पिढ्यान्‌पिढ्यांच्या न मोजलेल्या श्रमांवर बसलों आहों, याची आठवण असूं द्यावी.

आतां दुसरी बाजू. कृत्रिम कातड्याला आपण सरसकट रेक्झीन म्हणतों. मुळांत हें एका इंग्रज कंपनीच्या मालाचें नांव. मँचेस्टरच्या परिसरांतून तें जगभर गेलें आणि मराठींत सामान्यनाम होऊन बसलें. सुती कापडावर नायट्रोसेल्युलोजचे थर चढवून, वर कातड्यासारखी नक्षी दाबून तें करीत. याच जातीचें 'फॅब्रिकॉइड' बनविणारी कंपनी अमेरिकेंत ड्यूपाँ या दारूगोळ्याच्या कारखानदारांनीं १९१० सालीं विकत घेतली, आणि त्यांत नवल नव्हतें. कारण बंदुकीच्या धूरविरहित दारूचा आणि या कापडाचा कच्चा माल एकाच कुळांतला. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याची जागा पीव्हीसीनें घेतली. पुढें १९७० सालीं जपानांतील तोरे कंपनीच्या मियोशी ओकामोटो यांनीं अतिसूक्ष्म तंतूंपासून साबरासारखें मऊ वस्त्र काढलें. तें पॉलिएस्टर आणि पॉलियुरेथेन यांचें असूनही आज अत्यंत महागड्या गाड्यांत अभिमानानें मिरवतें. प्रतिष्ठेनें येथें पुन्हां जागा बदलली!

आणखी एक गंमत आहे. आजच्या पुष्कळ गाड्यांतील अस्सल कातडें क्रोमच्या क्षारांनीं कमावलेलें असून त्यावर रंगाचा आणि रासायनिक लेपाचा पातळ थर असतो. तेव्हां बोटांना जो स्पर्श होतो तो पुष्कळदां कातड्याचा नसून त्या लेपाचा असतो. इकडे कृत्रिम मालाचें कूळ शोधावें तर तें याच किनाऱ्याशीं येऊन मिळतें. १९७४ सालीं मुंबई हायच्या समुद्रांत तेल लागलें. तेथील वायू नळांवाटे उरणला आला. पाताळगंगेच्या आणि अंबेच्या खोऱ्यांत पॉलिएस्टरचे आणि प्लास्टिकच्या कच्च्या मालाचे प्रचंड कारखाने उभे राहिले. ह्या दोन्ही नद्या धरमतरच्या खाडीस मिळतात. ज्या समुद्राची हवा कातड्याला बुरशी आणते, त्याच्याच तळांतून कृत्रिम कातड्याच्या भाऊबंदांचा जन्म झाला.

मग माझ्या स्नेह्यांनीं काय घ्यावें? हवेला विचारावें. कोंकणच्या पावसाळ्यांत चार महिने हवा ओलीचिंब असते. अशा हवेंत बंद करून ठेवलेल्या गाडींतील कातड्यावर पांढरी बुरशी चढते. रोज वापरांत असलेल्या, वारंवार पुसलेल्या आणि वारा लागलेल्या गाडींत कातडें उत्तम राहतें, आणि फाटलें तर कुशल कारागीर तें सांधूंही शकतो. जी गाडी समुद्रकांठच्या बंगल्यांत आठवडेच्या आठवडे उभी राहावयाची, तिला कृत्रिम आच्छादन किंवा साधें चांगलें कापडच बरें. मात्र कृत्रिम माल अमर आहे असेंही कोणी समजूं नये. पीव्हीसी उन्हानें कडक होऊन तडकतें आणि घामानें पाठीला चिकटतें; पॉलियुरेथेनचा थर दमट उष्म्यानें पापुद्र्यांसारखा सुटतो, आणि मग त्याला शिवण लागू पडत नाहीं.

शेवटीं याच किनाऱ्यावरचा एक दाखला सांगतों. मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या यावयाच्या होत्या. त्यांच्यामुळें कुलाब्याच्या वेधशाळेंतील चुंबकीय नोंदींत बिघाड होईल म्हणून १९०४ सालीं हें काम अलिबागेस आणलें. तेथील इमारत बांधतांना लोखंड कटाक्षानें टाळलें आणि चुंबकत्व नसलेला दगड पारखून वापरला. कोणती वस्तू भारी दिसेल हें कोणी पाहिलें नाहीं. कोणत्या वस्तूनें काम साधेल एवढेंच पाहिलें. त्या नोंदी शंभर वर्षांहून अधिक काळ जगाच्या उपयोगीं पडत आल्या. गाडीची गादी निवडतांनाही हाच विवेक पुरे. लोक काय म्हणतील हें न विचारतां हवा काय म्हणते तें विचारावें. आणि कातडें घेतलेंच, तर तें कमावणाऱ्या हातांना मनांतून तरी पहिल्या पंक्तीस बसवावें.